सांत्वनाचं संस्कृत वाक्य आधीच तयार ठेवा

दुःखद बातमी कळली की घाईत संस्कृत वाक्य टाइप होतं आणि त्यात ‘तस्य’ की ‘तस्याः’ असा गोंधळ होतो. पुरुषासाठी ‘तस्य’, स्त्रीसाठी ‘तस्याः’ हे खरं, पण त्या क्षणी आठवत नाही. म्हणून दोघांनाही चालेल असं एकच वाक्य जपून ठेवा:

दिवङ्गतात्मनः सद्गतिर्भवतु। ॐ शान्तिः शान्तिः शान्तिः।

१. फोनच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘वैयक्तिक शब्दकोश’ उघडा.
२. हे वाक्य तिथे घाला, शॉर्टकट म्हणून ‘सद्ग’ द्या. मग तेवढंच टाइप केलं की पूर्ण वाक्य सुचवलं जातं.
३. विसर्ग नीट तपासा. बरेच जण ‘ः’ ऐवजी कोलन टाकतात आणि ‘शान्ति:’ असं उमटतं. वरवर सारखंच दिसतं, पण ते अक्षर नव्हे. मराठी कीबोर्डवर ‘ः’ वेगळा असतो, बहुधा ‘ं’च्या आसपास.

आशीर्वादाचंही असंच करा. ‘आयुष्मान् भव’ मुलासाठी, ‘आयुष्मती भव’ मुलीसाठी. ‘शुभं भवतु’ मात्र कुणालाही चालतं, म्हणून मला तेच जास्त आवडतं. स्मरणदिनासाठी ‘सादर पुण्यस्मरण’ पुरेसं आहे.

एक जपा: ‘नैनं छिन्दन्ति शस्त्राणि’ (गीता २.२३) हा श्लोक थोर असला तरी नुकतंच मूल गमावलेल्या आईबापांना पहिल्याच दिवशी पाठवू नका. आत्म्याच्या अमरत्वाची समजूत त्या घडीला टोचते. त्यांना आपल्या साध्या मराठीत दोन ओळी लिहा, गेलेल्याचं नाव घेऊन.