शियाच्या बियांचा महिला उद्योग: पैशाची तजवीज पावसाळ्याआधी

आफ्रिकेत सेनेगलपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या, गवताळ सवाना पट्ट्यात शियाचे झाड वाढते. त्याच्या बियांतून लोण्यासारखा मेद, म्हणजे शिया बटर, निघतो. हे झाड सहसा कोणी लावत नाही. शेत साफ करताना ते तोडायचे नाही, एवढाच जुना रिवाज आहे, आणि १५ ते २० वर्षांनी फळू लागणाऱ्या त्या झाडांखालची फळे वेचण्याचे काम बायकांचे असते. या बियांचा मोठा भाग सौंदर्यप्रसाधनांत नव्हे, तर चॉकलेटसारख्या खाद्यपदार्थांत जातो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये कोकोबटरखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत शियाबरोबर साल वृक्षाचे बी, आंब्याची कोय आणि आपले कोकमही आहे. त्यामुळे कोकमतेल काढणाऱ्या कोकणातल्या घरांना पुढचे बरेचसे ओळखीचे वाटेल. उत्तर घानातील टमाले परिसरात, गावोगावच्या वेचणाऱ्या स्त्रियांकडून माल घेऊन विकणारा आणि स्त्रियांच्याच हाती असलेला उद्योग कसा उभा करावा, याचा येथे विचार केला आहे.

लेबल आणि डबी यांची चर्चा नेहमी सर्वांत आधी होते. माझ्या मते ती सर्वांत शेवटी व्हावी. पहिला प्रश्न रोकड पैशाचा आहे. फळे साधारण मे ते ऑगस्ट या काळात पडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरातले गेल्या हंगामाचे धान्य संपत आलेले असते, तर नवे पीक अजून शेतात उभे असते. अशा वेळी बाई माल उकडून वाळवून थांबू शकत नाही. जो भाव मिळेल त्यात ती विकून मोकळी होते, आणि पुढे वाढलेल्या भावाचा लाभ साठा करणाऱ्याला मिळतो. म्हणून उद्योगाने खरेदीचे भांडवल एप्रिलपर्यंत हाताशी ठेवावे. त्याच्या जोडीला गावात बचत गट असावेत. केअर या संस्थेने १९९१ मध्ये नायजरमधील मराडी भागात सुरू केलेली पद्धत यासाठी सोयीची आहे: गटाची पेटी गटाकडेच राहते, तिला तीन कुलुपे असून किल्ल्या तिघींकडे असतात, आणि साधारण वर्षाने जमा रक्कम सभासदांत वाटली जाते. ही वाटणी मे महिन्यात येईल अशा बेताने चक्र सुरू करावे. मालाचा दर दोन हप्त्यांत द्यावा, एक माल घेताना आणि दुसरा विक्रीनंतर. मात्र आगाऊ रक्कम देऊन भाव आधीच बांधून घेऊ नये, नाहीतर आपणही त्या साठेबाजासारखेच ठरतो.

मालाची प्रत वेचल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ठरते. ओल्या ढिगात बी रुजू लागते, त्यातील विकरे (एन्झाइम) मेद फोडू लागतात आणि बटर खवट करणारी मुक्त मेदाम्ले वाढतात. पुढे कितीही चांगले यंत्र वापरले तरी हे नुकसान भरून निघत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या आफ्रिकेसाठीच्या २०१७ च्या मानकात पहिल्या प्रतीच्या, शुद्धीकरण न केलेल्या शिया बटरसाठी मुक्त मेदाम्लांची मर्यादा १ टक्का आहे. त्यामुळे गर काढून बिया लवकरात लवकर उकडाव्यात, उन्हात पसराव्यात, आणि हलवल्यावर आतला दाणा खुळखुळू लागला की कवच फोडून दाणे पुन्हा वाळवावेत. ओलावा सुमारे ७ टक्क्यांवर आला की दाणे तागाच्या पोत्यांत भरून फळ्यांवर रचावेत. प्लास्टिकच्या पोत्यात घाम धरतो आणि बुरशी येते. पावसाची झड लागली की चुलीच्या धुरावर वाळवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण धुरातील घातक संयुगे मेदात उतरतात आणि निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो.

खरेदी वजनावर करावी. तेथील बाजारात बिया वाडग्याने मोजल्या जातात, आणि पायलीवर शीग किती चढवायची यावरून आपल्याकडे जे वाद होत, तेच तेथेही होतात. काटा विकणारीला दिसेल असा ठेवावा आणि तिची रक्कम मोबाईल मनीने द्यायची असेल तर ती तिच्याच नावच्या क्रमांकावर जावी, नवऱ्याच्या नव्हे.

बटर स्वतः काढायचे की दाणे विकायचे, हे मागणी पाहून ठरवावे. हाताने मळण्याच्या पद्धतीत १ किलो बटरला साधारण ३ किलो दाणे लागतात, शिवाय पाणी आणि सरपण भरपूर लागते, आणि ते दोन्ही आणण्याचे कष्ट पुन्हा बायकांच्याच वाट्याला येतात. टमालेजवळच्या तुंगतेया महिला संघटनेने १९९४ पासून द बॉडी शॉप या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीला बटर पुरवले. असा कायमचा गिऱ्हाईक असेल तरच कढया वाढवाव्यात.

वेचणी पहाटेच्या अंधारात, उंच गवतात चालते आणि सर्पदंशाचा धोका खरा असतो. गमबूट, हातमोजे आणि विजेऱ्या यांचा खर्च खरेदीच्या भांडवलातच धरावा, आणि पहिले फळ पडण्याआधी त्यांचे वाटप पूर्ण झालेले असावे.