रानाची बाजू मांडायला शिकवणारी शिबिरं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ठाण्यातून ट्रेकला नेणारे ग्रुप पुष्कळ आहेत. शनिवारी रात्रीच्या कसारा लोकलमध्ये पाठीवर सॅक घेतलेली पोरं दिसतातच. मी लिहितेय ती शिबिरं जरा वेगळी. रान बघणं हा त्यांचा अर्धाच भाग, उरलेल्या अर्ध्यात त्या रानाच्या वतीने बोलायला शिकवतात. मी कॉलेजात असताना अशा शिबिरांना जाऊ लागले, आता नव्या मुलांना घेऊन जाते.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत निसर्गलेखक जॉन म्यूर यांच्या पुढाकाराने १८९२ मध्ये सिएरा क्लब ही निसर्ग जपणारी संस्था सुरू झाली आणि १९०१ पासून क्लबचेच विल्यम कोल्बी सभासदांना मोठ्या गटाने डोंगरांत मुक्कामाला नेऊ लागले. ज्यांनी डोंगर पायाखाली घातलाय, तेच वेळ आली की त्याच्यासाठी उभे राहतील, हा त्यामागचा विचार. मला तो आजही शंभर टक्के पटतो.

आमचं श्रावणातलं शिबिर आसनगावला उतरून माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी असतं. हे तानसा अभयारण्याचं जंगल. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव याच रानात आहे. शंभराहून अधिक वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा हा छोटा घुबड १९९७ मध्ये नंदुरबारकडे पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये इथे तानसातही आढळला. गावातलाच एक दादा आम्हाला वाट दाखवतो, आणि त्याचं मानधन शिबिराच्या फीमध्ये धरलेलं असतं.

गेल्या वेळी त्याने ओढ्यावर झुकलेलं एक पान बोटाने हलकेच उचललं. पानाला अंड्यांचा पुंजका चिकटलेला, साबुदाण्यासारखा पारदर्शक, आणि प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका वळवळत होता. “फुटली की पिल्लं खाली पाण्यात पडतात, म्हणून बेडकीण बरोब्बर पाण्यावरचं पान बघते,” दादा म्हणाला. सगळ्यांनी मोबाइल काढले. मग वही काढायला लावली: तारीख, वेळ, लोकेशन, पाणी किती, शेजारी पट्टी धरून फोटो. नोंद पेन्सिलनेच करायची, कारण पावसात पेनाची शाई पसरते.

ही नोंद कशाला, ते रात्री कळतं. जेवणं झाल्यावर आम्ही खोटी जनसुनावणी भरवतो, म्हणजे प्रकल्पाआधी लोकांचं म्हणणं ऐकायची सरकारी बैठक. कुणी जिल्हाधिकारी, कुणी कंपनीचा सल्लागार, कुणी गावकरी. समोर ओढ्याकाठच्या एका काल्पनिक प्रकल्पाचा अहवाल. नवी मुलं उठतात आणि कळवळून सांगतात की निसर्ग वाचला पाहिजे. खुर्चीतला म्हणतो, “नोंद घेतली, पुढचे?” मग एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. म्हणाली, “तुमची पाहणी एप्रिलमधली आहे. एप्रिलमध्ये हा ओढा कोरडा असतो. आज इथे पाणी आहे, बेडकांची अंडी आहेत, हे फोटो, ही वेळ. पावसाळ्यातली पाहणी कुठे आहे?” सल्लागार झालेल्या मुलाकडे उत्तर नव्हतं. प्रत्यक्षातही पर्यावरणीय परिणामांच्या अहवालासाठी बहुधा एकाच ऋतूची पाहणी होते आणि तीही पावसाळा सोडून. आपल्या सह्याद्रीत अर्धं जीवन पावसाळ्यातच दिसतं, त्यामुळे हा प्रश्न विचारता येणं फार मोलाचं आहे.

शिबिर निवडताना आयोजकांना एकच प्रश्न नक्की विचारा: परत आल्यावर आम्ही काय करायचं? उत्तर गोलमोल आलं तर ती सहल समजा. सहलही चांगलीच, पण तिची अपेक्षा वेगळी ठेवा. वनखात्याची परवानगी आणि गटाची संख्या विचारून घ्याच. पंचवीस-तीस जणांच्या गलक्यात ना पक्षी दिसतो ना शेवटच्या माणसाला काही ऐकू येतं. कपडे मातकट रंगाचे, स्पीकर घरी. बाकी यादी ते पाठवतातच.

घरी परतल्यावर काम आपल्याच गल्लीत असतं. ठाण्यात झाडाच्या बुंध्यावर ते तोडण्याबद्दलची महापालिकेची नोटीस दिसली की आधी तारीख वाचा, कारण हरकतीला सात दिवस असतात. झाडाचा घेर, त्यावरची घरटी, जवळचं दुसरं झाड कुठे आहे, हे वहीत असेल तर हरकत अर्ध्या तासात लिहून होते. नवी मुंबईत कांदळवनात भराव पडताना दिसला तर फोटो आणि लोकेशनसह वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे तक्रार करा. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण आहे, ते तक्रारीत लिहा. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याला ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पहिला अर्ज एकट्याने लिहू नका, शिबिरातल्या दोघा-तिघांना बोलावून एका टेबलावर बसून लिहा. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख मात्र स्वतः बघून घ्या.