पडक्या घराच्या कडीतून भूप: घरच्या घरी मरिम्बा

औसा तालुक्यातलं आमचं जुनं घर १९९३ च्या भूकंपात गेलं. त्यातल्या सागवानी कड्या वडिलांनी गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. तीस वर्षांत लाकूड असं वाळलंय, की टिचकी मारली तरी खणखणतं. मरिम्बा म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य, त्याला असंच लाकूड हवं. वखारीतलं ओलं घेऊ नका, ते ठक्क वाजतं. परदेशात यासाठी होंडुरासचा रोझवुड वापरतात. तो आपल्या शिसवाचाच भाऊबंद, तेव्हा शिसव मिळालं तर उत्तमच.

आधी रचना समजून घ्या. लाकडी पट्ट्यांचं काष्ठतरंग आपल्याला ठाऊक आहे. मरिम्ब्यात प्रत्येक पट्टीखाली तिच्याच सुराची पोकळी असते. आफ्रिकेत तिथे भोपळे टांगायचे. एकतारीला भोपळा लागतो, त्याच कारणासाठी. गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर ही विद्या मध्य अमेरिकेत पोचली. ग्वातेमालात भोपळ्यांच्या जागी लाकडी पेट्या आल्या, पुढे शिकागोच्या डीगन कंपनीने धातूच्या नळ्या बसवल्या. आपण प्लंबरकडची ४० मिलिमीटरची पीव्हीसी बसवू.

स्वर किती? आधी या वाद्याला पट्ट्यांची एकच ओळ असे. पेटीच्या काळ्या पट्ट्यांसारखी दुसरी ओळ जोडल्याचं श्रेय ग्वातेमालाच्या सेबास्तियान हुर्तादोंना देतात, साल १८९४. पहिल्या खेपेला त्या भानगडीत पडू नका. भूप घ्या: सा रे ग प ध आणि वरचा सा. सहा पट्ट्यांत काम भागतं.

पट्टी दीड इंच रुंद, सहा सूत (पाऊण इंच) जाड. खालचा सा १४ इंची धरला, तर वरचा सा १० इंचांत येतो. सूर दुप्पट चढवायला लांबी निम्मी करावी लागत नाही, साधारण सात दशांश पुरते.

आता खरी कसोटी. पट्टी पालथी करून पटाशीने मधोमध कमान कोरायची. मधलं लाकूड काढलं की सूर उतरतो, टोकाकडचं काढलं की चढतो. मोबाइलवर ट्यूनर लावा. मी सा काळी चारवर, ४१५ हर्ट्‌झला धरला. शेवटी पटाशी ठेवून कानस घ्या. माझा ‘ग’ बोलता बोलता ‘रे’ झाला. सुतारनाना म्हणाले, “गुरुजी, लाकूड परत चिकटत नसतंय.” मग तीच पट्टी ‘रे’ म्हणून लावली आणि ‘ग’ नव्याने केला.

सूर लागल्यावरच दोरीची भोकं पाडा, कारण कोरताना पट्टीच्या स्थिर जागा, म्हणजे वाजतानाही न हलणाऱ्या, सरकतात. पट्टी स्पंजच्या दोन तुकड्यांवर ठेवा, वर बारीक रांगोळी भुरभुरवा आणि मधोमध हलकेच ठोकत राहा. रांगोळी नाचत नाचत दोन आडव्या रेघांत गोळा होते. १४ इंचीला त्या दोन्ही टोकांपासून सव्वातीन इंचांच्या आत-बाहेर येतात. तिथेच जाडीतून आडवं भोक पाडून दोरी ओवा. दुसरीकडे पाडलं तर आवाज मरतो.

नळीच्या लांबीसाठी ३४,७०० ला (आवाजाचा सेकंदाचा वेग, सेंटिमीटरमध्ये) कंपनसंख्येच्या चौपटीने भागा. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं, त्यातून सव्वा वजा करा. ४१५ ला जेमतेम २० येतात. नळी इंचभर जास्तच कापा आणि खालून जुन्या चपलेच्या रबराची चकती घट्ट सरकवा. मे महिन्यात हवा तापली की नळीचा सूर चढतो. तेव्हा चकती किंचित खाली ओढायची.

काठीला वेत, टोकाला रबरी चेंडू, त्यावर लोकर. लोकर न गुंडाळता वाजवलं तर कर्कश लागतं.

राहिली जवारी. आफ्रिकेत भोपळ्याला भोक पाडून त्यावर कोळ्याच्या अंडकोशाचा पातळ पापुद्रा चिकटवत, ग्वातेमालात डुकराच्या आतड्याचा. सूर त्यातून झणझणतो. कारखान्यातल्या मरिम्ब्यांतून ही झणझण गेली, आणि मला ते काही पटत नाही. मी ‘ध’च्या नळीला तळाजवळ भोक पाडून त्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून लावलंय. भजनी मंडळ अजून सांगतंय, “गुरुजी, तुमचा ध फुटलाय.”