एजंटचा चेक येतो कुठून?

न्यू जर्सीतल्या एडिसनला नव्याने आलेलं कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं, की ताक-भातापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "दादा, इथे घर घेताना एजंट फुकटच असतो ना? पैसे तर विकणारा देतो." अठरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. पुढे बायकोने घरांच्या एजंटचं लायसन्स काढलं आणि या धंद्याची जमाखर्चाची वही आमच्याच डायनिंग टेबलावर येऊन पडली. म्हणजे मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एजंटला पगार नसतो. कार्डावर ज्या कंपनीचं नाव असतं, ती त्याला नोकरीवर ठेवत नाही. तो स्वतंत्र कंत्राटदार असतो. टॅक्सच्या वेळी हातात पगारदारांचा डब्ल्यू-टू फॉर्म नाही, कंत्राटदारांचा १०९९ येतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे सरकारी पेन्शन आणि म्हातारपणचा आरोग्यविमा, यांचे नोकराचा आणि मालकाचा असे दोन्ही हिस्से, म्हणजे १५.३ टक्के, त्यालाच भरावे लागतात, तेही दर तिमाहीला आपणहून. आरोग्यविमाही ज्याचा त्याने बघायचा. आमच्याकडे तो माझ्या नोकरीतून येतो, नाहीतर हिचा धंदा पहिल्याच वर्षी आटोपला असता.

आता चेक. समजा ६ लाख डॉलरचं घर आहे आणि घेणाऱ्याच्या एजंटचं कमिशन अडीच टक्के ठरलंय. झाले १५ हजार. ते एजंटच्या नाही, ब्रोकरेजच्या, म्हणजे तो ज्या ब्रोकरच्या कंपनीकडून काम करतो तिच्या नावाने येतात. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ब्रँडचं नाव वापरल्याबद्दल फ्रँचायझीचे ६ टक्के आधीच कापले जातात. उरले १४,१००. मग एजंट आणि ब्रोकरेजमध्ये ७०-३०ची वाटणी असेल तर एजंटच्या हाती ९,८७०. त्यातला तिसरा हिस्सा आमची ही डोळे मिटून टॅक्सच्या खात्यात टाकते. राहिले साडेसहा हजार. यातून एमएलएसची, म्हणजे विक्रीला असलेल्या घरांच्या एजंटांच्या सामायिक यादीची वर्गणी, रिअल्टर असोसिएशनची, म्हणजे एजंटांच्या संघटनेची फी, दारावरची चावीपेटी उघडणाऱ्या ॲपचे पैसे, चुकीबद्दल कोणी दावा लावला तर म्हणून घेतलेला विमा आणि पेट्रोल. गिऱ्हाईक एखाद्या वेबसाइटवरून आलं असेल तर ती वेबसाइटही आपला वाटा आधीच काढून घेते. आणि हे सगळं व्यवहार पार पडला तरच. तुम्ही पाच शनिवार घरं बघून सहाव्या शनिवारी "सध्या राहू दे, बंगळूरला परत जायचा विचार चाललाय" म्हणालात, तर पाच शनिवारांचा हिशोब शून्य.

हिच्या गाडीच्या डिकीत कायम बुटांवर चढवायची निळी प्लास्टिकची कव्हरं, टेप, पाण्याच्या बाटल्या आणि डब्यात थालीपीठ. ग्लव्ह बॉक्समध्ये छोटी वही, तीत मैलांची नोंद. धंद्याच्या मैलामागे टॅक्समध्ये ठरावीक खर्च दाखवता येतो (२०२५ साठी तो ७० सेंट होता), म्हणून दर शनिवारी आधी ओडोमीटरचा आकडा लिहिते, मग गाडी सुरू करते.

हे सगळं तुम्हाला कशासाठी सांगतोय? तर वरच्याच हिशोबात घराची किंमत २० हजारांनी खाली आणा. तुमचे २० हजार वाचले. तुमच्या एजंटच्या हातातले किती गेले? सुमारे ३३० डॉलर. उलट भाव ताणून घर हातचं गेलं, तर त्याचे जवळपास दहा हजार बुडाले. म्हणून "जरा वाढवून द्या, घर सोडू नका" हा सल्ला खोटाच असतो असं नाही, पण आकडा मात्र तुमचा तुम्ही ठरवा.

आमचं पहिलं टाउनहाउस असंच घेतलं गेलं. ओपन हाउसला, म्हणजे विकाऊ घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तिथे, भेटलेला एजंट मराठी निघाला, गप्पा रंगल्या, आणि आम्ही जास्तीत जास्त कुठपर्यंत जाऊ तेही बोलून गेलो. तो विकणाऱ्याचाच एजंट होता. पुढे आमचाही झाला. इथे दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीने ते चालतं. सही आम्हीच केली होती, फक्त वाचली नव्हती. सौदा ठरला तो बरोबर त्या आकड्यावर.

"विकणारा देतो" हेही आता गृहीत धरू नका. कमिशनवरून झालेल्या खटल्यांत राष्ट्रीय रिअल्टर संघटनेने २०२४ मध्ये ४१.८ कोटी डॉलरची तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. घेणाऱ्याच्या एजंटला किती मिळणार, हे एमएलएसवर दाखवणं बंद झालं. एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधी तुम्हाला त्याच्याशी लेखी करार करावा लागतो. त्यात फीचा नेमका आकडा हवा. "विकणारा जे देईल ते" असं लिहिलेलं चालत नाही. विकणाऱ्याकडून अजूनही मागता येतं, बऱ्याचदा मिळतंही, पण कमी पडलं तर फरक तुमच्या खिशातून. फी घासाघीस करून ठरवता येते. कराराची मुदत सहा महिन्यांची पुढे केली तर एका महिन्याची मागा. नुसतं ओपन हाउस बघायला करार लागत नाही, पण तिथे तोंड सांभाळा. न्यू जर्सीत कमिशनचा काही भाग घेणाऱ्याला परत देता येतो, तोही विचारा. विचारायला लाजायचं नाही. भाजी घेताना आपण लाजतो का?

एजंट सुचवेल तो लोनवाला घ्यायलाच हवा असं नाही. लोनवाल्याने गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल एजंटला पैसे देणं १९७४ च्या रेस्पा कायद्याने बंद आहे, पण ओळखीपाळखी असतातच. आणि एजंटच्या वैयक्तिक खात्यावर फी कधीही पाठवू नका. इथे त्याला पैसे फक्त त्याच्या ब्रोकरकडूनच घेता येतात.

आधी भाड्यानेच राहणार असाल तर दोन ओळी. न्यू यॉर्क शहरात ११ जून २०२५ पासून ब्रोकरला ज्याने नेमलं, फी त्यानेच द्यायची. हा कायदा शहरापुरता आहे, हडसन नदीच्या अलीकडे, आपल्या न्यू जर्सीत नाही. म्हणून जर्सी सिटीत फ्लॅट बघण्याआधीच "फी कोणाची, किती?" हे मेसेजवर लिहून घ्या.

आणि शनिवारचं रद्द करायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा. घरमालकांकडून वेळा मागून घेतलेल्या असतात, आणि थालीपिठाची भाजणी रात्रीच भिजवलेली असते.