जुन्या मालिकेचे पुनरागमन आणि दुभंगलेले चाहते : प्रतिक्रिया कशा वाचाव्यात, आपले मत कसे मांडावे

एखाद्या लाडक्या चित्रपटमालिकेचा नवा भाग मोठ्या खंडानंतर येतो, तेव्हा त्याच्यावरची मते इतकी टोकाची असतात की ही सारी मंडळी एकाच चित्रपटाबद्दल बोलत आहेत यावर विश्वास बसू नये. अशा मतांवरून चित्रपट पाहायचा की नाही हे ठरवायचे असेल, किंवा तो पाहून स्वतः काही लिहायचे असेल, तर पुढील पद्धत उपयोगी पडेल. उदाहरणासाठी 'स्टार वॉर्स' ही १९७७ पासूनची अंतराळकथांची चित्रपटमालिका घेतली आहे. डिस्नेने ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे ४०५ कोटी डॉलर मोजून ही मालिका बनवणारी लुकासफिल्म ही कंपनी विकत घेण्याचा करार केला आणि त्यानंतर 'द फोर्स अवेकन्स' (२०१५), 'द लास्ट जेडाय' (२०१७) व 'द राइज ऑफ स्कायवॉकर' (२०१९) हे तीन भाग आले. पुढे त्यांच्या कथेतले महत्त्वाचे प्रसंग उघड केले आहेत, तेव्हा ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी आधी पाहून घ्यावेत.

आधी आकड्यांची फोड करावी

वाद सुरू झाला की दोन्ही बाजू आकडे पुढे करतात. परंतु प्रत्येक आकडा निराळीच गोष्ट मोजत असतो. समीक्षा एकत्र करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर 'द लास्ट जेडाय'ला समीक्षकांकडून ९० टक्क्यांच्या आसपास पसंती मिळाली, याचा अर्थ समीक्षकांनी त्याला शंभरपैकी नव्वद गुण दिले असा होत नाही. दहातल्या नऊ समीक्षकांचा कौल बाजूने पडला, एवढाच तो अर्थ आहे आणि त्या नवांपैकी कितीजणांना चित्रपट केवळ बरा वाटला हे त्यातून कळत नाही. त्याच संकेतस्थळावर प्रेक्षकांची पसंती मात्र ४० टक्क्यांच्या आसपास अडकली, तर अमेरिकेत चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांकडून पहिल्या दिवशी मतपत्रिका भरून घेणाऱ्या 'सिनेमास्कोर' या संस्थेच्या पाहणीत याच चित्रपटाला 'ए' श्रेणी मिळाली. हे दोन निकाल परस्परविरोधी दिसतात, कारण ते देणारे लोक वेगळे आहेत. पहिल्याच दिवशी तिकीट काढणारा प्रेक्षक मुळात उत्सुक असतो आणि मतपत्रिका भरताना त्याने तो चित्रपट नुकताच पाहिलेला असतो. संकेतस्थळावर २०१७ साली मत नोंदवायला मात्र तिकीट काढल्याचा कोणताही पुरावा लागत नव्हता.

येथे एक खाचखळगा आहे, जो चांगल्या जाणकारांच्याही लक्षात येत नाही. मे २०१९ पासून 'रॉटन टोमॅटोज'ने तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचा स्वतंत्र आकडा ठळकपणे दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे 'द राइज ऑफ स्कायवॉकर'ला प्रेक्षकांकडून मिळालेले ८६ टक्के आणि आधीच्या भागाचे चाळीस-बेचाळीस टक्के शेजारी ठेवून 'पाहा, चाहत्यांना हेच हवे होते' असा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच ढिगात ओतणे होय. सिनेमास्कोरची मोजपट्टी दोन्ही वर्षी सारखी होती आणि तिच्यावर हा शेवटचा भाग 'बी प्लस'पर्यंत खाली घसरला.

कमाईचे आकडेही जपून वापरावेत. जगभरात पहिल्या भागाने २०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, दुसऱ्याने सुमारे १३३ कोटी आणि तिसऱ्याने सुमारे १०७ कोटी मिळवले. ही घसरण खरी आहे. पण बत्तीस वर्षांनी जुने नायक एकत्र दिसणार या उत्सुकतेवर पहिल्या भागाने जे कमावले, ते पुन्हा मिळणारच नव्हते. आज सर्वोत्कृष्ट मानल्या जाणाऱ्या १९८० च्या भागानेही १९७७ च्या मूळ चित्रपटापेक्षा कमीच गल्ला जमवला होता.

बोलणारा कोणत्या दाराने आत आला ते पाहावे

कोणतीही प्रतिक्रिया वाचताना लिहिणाऱ्याने ही मालिका प्रथम कधी आणि कशातून ओळखली, हे शोधावे. माझ्या मते या साऱ्या पद्धतीत एवढी एकच पायरी पाळली तरी निम्मा गोंधळ मिटतो. १९७७ ते १९८३ मधले तीन चित्रपट पडद्यावर पाहिलेला प्रेक्षक आणि १९९९ ते २००५ दरम्यानचे तीन चित्रपट शाळकरी वयात पाहिलेला प्रेक्षक यांची नॉस्टॅल्जिया एकच नाही. पहिल्याला २०१५ चा चित्रपट घरी परतल्यासारखा वाटला, तर दुसऱ्याला त्यात आपल्या लहानपणाची जवळजवळ दखलच घेतलेली दिसली नाही.

तिसरा गट वाचकांचा आहे आणि त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. १९९१ पासून या मालिकेवर कादंबऱ्यांची मोठी परंपरा उभी राहिली. तिच्यात पहिल्या तीन चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर नव्या जेडाय योद्ध्यांची पिढी घडवतो, लग्न करतो, बाप होतो. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने हे सारे 'लेजंड्स' या नावाखाली वेगळे काढले आणि नव्या चित्रपटांवर त्याचे बंधन राहणार नाही असे जाहीर केले. चित्रपटांपुरत्या चाहत्यासाठी १९८३ नंतरचे ल्यूकचे आयुष्य कोरे होते. या वाचकांसाठी ते शेकडो प्रकरणांत लिहून झालेले होते. त्यांचा राग अतिरेकी वाटला तरी तो निराधार नाही, हे ध्यानात ठेवून त्यांचे लेखन वाचावे.

आपल्याकडच्या चाहत्याची स्थिती आणखी वेगळी. मालिकेशी आपली ओळख बहुधा उशिरा झालेली, त्यामुळे सहा भाग एका दमात पाहून सातव्याला बसलेले पुष्कळ भेटतात आणि तीस वर्षे वाट पाहण्याचा भाग त्यांच्या प्रतिक्रियेत नसतो. शिवाय १८ डिसेंबर २०१५ रोजी आपल्या पडद्यांवर 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' आमनेसामने होते, तर इतरत्र आधीच लागलेला 'द फोर्स अवेकन्स' येथे २५ डिसेंबरला लागला. मधल्या त्या आठवड्यात जुन्या नायकांपैकी हान सोलोचा मृत्यू कळल्यावाचून राहणे कठीण होते, तेव्हा त्या वेळच्या भारतीय प्रतिक्रियांत धक्का कमी आणि तपासणी जास्त आढळली तर नवल वाटू नये.

तक्रार नेमकी कशाची आहे ते वेगळे करावे

'जुन्याची नक्कल केली' आणि 'जुन्याचा अपमान केला' या दोन तक्रारी बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडी येतात; त्या वेगळ्या तपासाव्यात. नक्कल सिद्ध करणे सोपे आहे. वाळवंटी ग्रहावरचे एकाकी तरुण पात्र, गुपित वाहून नेणारा यंत्रमानव, ग्रहच्या ग्रह उडवणारे पण एका ठिकाणी कमकुवत असलेले अस्त्र आणि नव्या नायिकेच्या डोळ्यांदेखत मारला जाणारा वडीलधारा सोबती, ही १९७७ ची चौकट दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी २०१५ मध्ये पुन्हा उभी केली. मालिकेचे जनक जॉर्ज लुकास यांनीही या जुन्या वळणावर जाणाऱ्या चित्रपटाबद्दल तेव्हा उघड नाराजी व्यक्त केली होती.

अपमानाची तक्रार तपासायला मात्र पडद्यावरची वस्तू हातात घ्यावी लागते, आणि त्यासाठी ल्यूकचे लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाच्या पात्याची तलवार, पुरेसे आहे. एब्रम्स यांचा चित्रपट संपतो तेव्हा रे नावाची तरुणी एका निर्जन बेटावर ल्यूकसमोर ते धरून उभी असते. रायन जॉन्सन यांच्या पुढच्या भागात ल्यूक ते हातात घेतो आणि खांद्यावरून मागे भिरकावून देतो. तिसऱ्या भागात, एब्रम्स पुन्हा दिग्दर्शक झाल्यावर, रे ते जळत्या यानाकडे फेकते. ल्यूकचा आत्मा ते झेलतो आणि जेडायच्या शस्त्राला याहून अधिक मान द्यायला हवा असे सुनावतो. दोन दिग्दर्शकांमधला वाद इतक्या उघडपणे कथेतच उतरल्याचे उदाहरण क्वचित सापडेल. मला तर तिसऱ्या भागातले ते वाक्य चित्रपटापेक्षा तक्रार-निवारण कक्षातून आल्यासारखे वाटते.

आता जुना पुरावा पाहावा. १९८३ च्या चित्रपटात सम्राटासमोर लढण्यास नकार देताना ल्यूकने आपले शस्त्र स्वतःच फेकून दिले होते, म्हणजे शस्त्र टाकणे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे हा आरोप टिकत नाही. त्याला बेटावर एकटे नेऊन बसवण्याचा दोषही जॉन्सन यांच्याकडे जात नाही, कारण तो अज्ञातवासात गेला आहे हे आधीच्याच भागात सांगून झाले होते. उरतो तो गंभीर आक्षेप: ज्याने क्रूरकर्मा बापातला चांगुलपणा शोधला, तो झोपलेल्या भाच्यावर शस्त्र उगारेल काय? हा प्रश्न रास्त आहे. मात्र चित्रपट तो प्रसंग तीनदा दाखवतो आणि दर वेळी तपशील बदलतो. भाच्याच्या आठवणीतला हल्लेखोर ल्यूक आणि शेवटच्या कबुलीतला क्षणभर मोहात पडून लगेच ओशाळलेला ल्यूक यांपैकी टीकाकार कोणाबद्दल बोलतो आहे, हे पाहिल्याखेरीज त्याचे म्हणणे मान्य किंवा अमान्य करू नये. मतभेद प्रामाणिक असू शकतो, याचा दाखला ल्यूकची भूमिका करणारे खुद्द मार्क हॅमिल यांनी दिला होता. आपल्या पात्राच्या या वळणाशी असलेली असहमती त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती.

गोंगाट बाजूला काढावा

मॉर्टन बे या संशोधकाने २०१८ मध्ये जॉन्सन यांना उद्देशून केलेल्या ९६७ ट्वीटचा अभ्यास केला. त्यात नकारात्मक ट्वीट साधारण पाचांत एक होते आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक बॉट (आपोआप चालणारी खाती), ट्रोल किंवा राजकीय हेतूने लिहिणारे होते. नमुना लहान आहे, तेव्हा त्यावरून सारे टीकाकार खोटे ठरवता येत नाहीत. पण आवाज मोठा म्हणजे संख्या मोठी असे धरून चालू नये, इतके त्यातून निश्चित कळते. कलाकाराच्या वंशावर किंवा रूपावर बोलणारी प्रतिक्रिया मोजणीतच धरू नये. अशाच माऱ्यामुळे 'द लास्ट जेडाय'मधल्या केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीने २०१८ साली इन्स्टाग्रामवरील आपल्या साऱ्या नोंदी काढून टाकल्या होत्या, आणि पुढच्या भागात तिच्या वाट्याला मोजकेच क्षण आले.

स्वतः लिहिताना

लिहिण्याआधी जुना भाग पुन्हा पाहावा, परंतु आपण कोणती आवृत्ती पाहत आहोत याची नोंद ठेवावी. लुकास यांनी १९९७ मध्ये मूळ चित्रपटांत बदल केले, २०११ च्या ब्लू-रेमध्ये आणखी केले आणि २०१९ मध्ये डिस्नेच्या ऑनलाइन सेवेवर आलेल्या प्रतीत हान व त्याला पकडायला आलेला ग्रीडो यांच्या गोळीबाराचा प्रसंग पुन्हा बदललेला निघाला. 'मूळचे कसे निर्मळ होते' असे लिहिणाऱ्याने आठवणीतला प्रसंग पडद्यावर खरोखर आहे का, हे तपासलेले बरे.

लेखाच्या आरंभीच आपण मालिका कोठून पाहू लागलो, ते एका वाक्यात सांगून टाकावे. 'चाहत्यांना आवडले नाही' असे न लिहिता कोणत्या चाहत्यांना, कोणत्या प्रसंगामुळे, ते लिहावे. आणि मताखाली तारीख घालावी. १९९९ च्या भागातल्या जार जार बिंक्स या पात्रामुळे अहमद बेस्ट या अभिनेत्याची इतकी हेटाळणी झाली की आपल्या मनात आत्महत्येचे विचार आले होते, असे त्याने २०१८ मध्ये सांगितले. तोच अभिनेता २०२३ मध्ये याच विश्वातल्या 'द मँडलोरियन' या वेब मालिकेमध्ये जेडाय म्हणून परतला तेव्हा चाहत्यांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. १९९९ च्या त्या चित्रपटासोबत वाढलेली मुले तोवर स्वतः लिहू लागली होती. २०१५ मध्ये दहा वर्षांचे असलेले प्रेक्षक आता लिहू लागले आहेत. त्यांचे लेखन आधीच्या दोन्ही पिढ्यांच्या शेजारी ठेवून वाचावे.