'मेम्ब्रेन प्रोटीन बंद, घशाच्या कॅन्सरची वाढ मंद' असा पेपर हातात आला तर तो कसा वाचायचा

जर्नल क्लबला (पेपर एकत्र वाचायच्या बैठकीला) असे, म्हणजे पेशीच्या आवरणातलं (मेम्ब्रेनमधलं) एखादं प्रोटीन बंद केलं की कॅन्सर मंदावतो सांगणारे, पेपर हमखास येतात, आणि घरात कुणाला हा आजार असेल तर असलीच बातमी फॉरवर्ड होऊन पण येते. ॲबस्ट्रॅक्ट वाचून थांबू नका, थेट मेथड्स उघडा.

पहिलं काम, पेशी कुठल्या वापरल्यात ते शोधा. हेप-टू हे नाव दिसलं की सावध. ही लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश) १९५० च्या दशकात स्वरयंत्राच्या कॅन्सरची म्हणून आली, पण नंतरच्या तपासण्यांत त्या हेला पेशी निघाल्या, म्हणजे १९५१ ला बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. हे इतकं जगजाहीर असूनही लोक तिला घशाची म्हणून वापरत राहिले, याची खरंच चीड येते, कारण त्यावर पुढे कुणाचीतरी पीएचडी उभी राहते. एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळखायची चाचणी) करून पेशींची ओळख पटवलीय का, ही ओळ शोधाच.

मग प्रोटीन. उदाहरण म्हणून ईजीएफआर घ्या, म्हणजे वाढीचा निरोप पकडणारा रिसेप्टर, डोकं पेशीबाहेर, मधला भाग आवरणातून आरपार, शेपूट आत. बाहेर ग्रोथ फॅक्टर येऊन बसला की दोन रेणू जोडी करतात, आतलं टायरोसिन कायनेज (निरोप पुढे ढकलणारा एन्झाइमचा भाग) चालू होतं आणि 'वाढा, विभागा' हा निरोप रास आणि एकेटी या प्रोटीन्सच्या साखळ्यांमधून केंद्रकापर्यंत जातो. डोक्या-मानेच्या बहुतेक स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींच्या) गाठींत हे प्रोटीन जास्तच असतं. आता एसआयआरएनए (ठरावीक प्रोटीन बनू न देणारा छोटा आरएनए) देऊन प्रोटीन कमी केलं म्हणतात, तर वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन किती आहे ते पट्टीने दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टी खरंच फिकी झालीय का ते स्वतः बघा, एकच एसआयआरएनए वापरलाय की दोन वेगवेगळे, आणि प्रोटीन परत घातल्यावर वाढ परत आली का. हे शेवटचं नसेल तर मी तरी निष्कर्ष अर्धाच धरते.

वाढीचा ग्राफ बहुतेक वेळा एमटीटी नावाच्या चाचणीचा असतो. पिवळं द्रव्य, जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं. पण यात पेशी मोजल्या जात नाहीत, त्यांचं चयापचय मोजलं जातं! पेशी तेवढ्याच राहून नुसत्या सुस्तावल्या तरी रीडिंग खाली येतं, म्हणून सोबत कॉलनी फॉर्मेशन (एकेका पेशीपासून किती पुंजके वाढतात ते) किंवा सरळ पेशींची मोजणी हवीच.

उंदरांचा भाग असेल तर वाचा, पण मुख्य प्रश्न माणसांचा. ईजीएफआरला अडवणारं सेटुक्सिमॅब हे औषध २००६ च्या ४२४ पेशंटच्या ट्रायलमध्ये रेडिएशनसोबत दिलं, तर आजार स्थानिक पातळीवर आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ १४.९ वरून २४.४ महिने झाला. मात्र एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी तेच औषध दिलं तेव्हा निकाल वाईट आले, २०१९ ला दोन मोठ्या ट्रायल्सनी हे दाखवलं. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या ट्रायलमध्ये सिस्प्लॅटिन-रेडिएशनला निमोटुझुमॅब या ईजीएफआरवरच्याच दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर आजार पुन्हा न वाढण्याचा काळ लांबला. प्रोटीन एकच, पण औषध कुठलं, कशासोबत आणि कुणाला दिलं त्यावर सगळं फिरतं.

त्यामुळे टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी गाठ असेल तर असला पेपर घेऊन डॉक्टरांकडे जाण्याआधी बायोप्सी रिपोर्टमध्ये पी१६ (गाठ एचपीव्हीमुळे आहे का याची खूण) लिहिलंय का बघा, नसेल तर आधी तेच विचारा.