स्प्रिंकलर तपासनीस आणि मंजुरी अधिकारी यांच्या एकत्र प्रशिक्षणाच्या दिवसाची तयारी

आधी इमारत ठरवा, सभागृह नंतर बघू. चालू स्थितीतली, पाण्याने भरलेली स्प्रिंकलर यंत्रणा (आग लागल्यावर आपोआप पाणी फवारणारी) असलेली, रायझरपाशी (पाणी वर नेणाऱ्या उभ्या मुख्य पाइपपाशी) सगळ्यांना गेज (दाबमापक) दिसेल एवढी मोकळी आणि मेन ड्रेन (यंत्रणेतलं पाणी बाहेर सोडण्याची मुख्य वाट) पूर्ण उघडला तरी पाणी निर्धोक बाहेर जाईल अशी जागा हवी. या शेवटच्या अटीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ड्रेनचं तोंड कुठे निघतं ते आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन पाहा. तिथे वाहनं लागत असतील, जवळ वीजपेटी असेल किंवा पाणी तुंबत असेल तर दुसरी जागा शोधा. इमारतीच्या मालकाची लेखी परवानगी आणि झडपांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाची दिवसभराची हजेरी, या दोन्ही गोष्टी त्याच भेटीत पक्क्या करा.

निमंत्रणं पाठवताना तपासनीस आणि यंत्रणेला मंजुरी देणारे अधिकारी यांना एकाच गटात बसवा. माझा हा आग्रह आहे आणि त्याला ठोस कारण आहे. स्प्रिंकलर कसे बसवायचे हे एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संघटनेचं मानक, एनएफपीए १३, सांगतं, बसवलेली यंत्रणा कशी तपासायची आणि राखायची हे एनएफपीए २५. मूळ आराखडा आजच्या वापराला पुरेसा आहे का, हे ठरवणं २५ नुसार होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत येत नाही. वापर किंवा माल बदलला तर यंत्रणेचा फेरविचार करून घेण्याची जबाबदारी मालकावर असते. आता एखाद्या कार्यालयाच्या मजल्यावर पुठ्ठ्याची खोकी रचली गेली असं समजा. स्प्रिंकलर स्वच्छ, झडपा उघड्या, गेज ठीक. तपासनिसाचा अहवाल निर्दोष येईल. अधिकाऱ्याने मंजुरी दिली तेव्हा तिथे टेबलं होती, म्हणून त्याचीही फाइल निर्दोष. आग मात्र खोक्यांना लागेल. एनएफपीए १३ च्या जुन्या आलेखांप्रमाणे हलक्या धोक्याच्या वर्गासाठी मिनिटाला ४.१ मिलिमीटर (म्हणजे दर चौरस मीटरला तितके लिटर) पाणी धरलं जायचं, तर साधारण धोक्याच्या दुसऱ्या गटासाठी ८.१, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हा फरक दोघांनी एकाच टेबलावर बसून काढायला हवा.

त्यासाठी कागद आधी जमवा: मंजूर नकाशे, हायड्रॉलिक हिशेब (पाण्याचा दाब आणि प्रवाह यांचे), रायझरवरच्या, आराखड्याचे आकडे देणाऱ्या पाटीचा फोटो, मागच्या काही वर्षांचे तपासणी अहवाल आणि प्रत्येक खोलीचा आजचा वापर. पाटी पुसट झाली असेल तर ती तशीच राहू द्या, तीही एक नोंद आहे. प्रत्येक जोडीला, म्हणजे एक तपासनीस आणि एक अधिकारी, या कागदांचा एक संच मिळेल एवढ्या प्रती काढा.

सकाळच्या टेबलासाठी काढून टाकलेले स्प्रिंकलर गोळा करा. रंग लागलेला, धुळीने आणि तेलकट थराने माखलेला, गंजलेला, बल्बमधला द्रव निघून गेलेला, आणि वर तोंड करून बसवायचा पण खाली तोंड करून लावलेला, असे सगळे प्रकार हवेत. त्यांना चिठ्ठ्या लावू नका. प्रत्येकाने आधी पाहून लिहावं, मग बोलावं. बल्बच्या (ठरावीक तापमानाला फुटून पाणी सोडणाऱ्या काचेच्या नळीच्या) रंगांचा संचही ठेवा: नारिंगी ५७ अंश सेल्सिअस, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. रंग लागलेला स्प्रिंकलर खरवडून वाचवता येतो का, हा प्रश्न येणारच. उत्तर एकच: बदलायचा. सुटी धूळ असेल तर स्पर्श न करता हवेने उडवता येते. वार्षिक पाहणी जमिनीवरून होते, म्हणून चांगला टॉर्च आणि छोटी दुर्बीण यादीत घ्या. मोजपट्टीही लागेल, कारण नेहमीच्या स्प्रे स्प्रिंकलरच्या डिफ्लेक्टरखाली (पाणी पसरवणाऱ्या चकतीखाली) ४५७ मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि ती नजरेने ठरवणारे बरेच जण चुकतात. सुट्या स्प्रिंकलरची पेटी उघडून पाहायला सांगा. ३०० पेक्षा कमी स्प्रिंकलर असतील तर निदान ६ सुटे आणि त्यांना बसणारा पाना आत असायला हवा.

सर्वांत जास्त वेळ मेन ड्रेनच्या चाचणीला राखून ठेवा. गेजचं कॅलिब्रेशन (तो बरोबर आकडा दाखवतो का याची पडताळणी) तपासून घ्या. पाच वर्षांत ते झालं नसेल किंवा गेज बदललेला नसेल तर त्यावर प्रशिक्षण घेण्यात अर्थ नाही. आधी स्थिर दाब लिहून घ्या. मग ड्रेन पूर्ण उघडा, काटा थांबेपर्यंत वाट पाहा आणि वाहत्या पाण्याचा दाब लिहा. ड्रेन हळू बंद करा, घाई केली तर पाइपला पाण्याचा हादरा बसतो. यानंतर किल्ली सांभाळणाऱ्या माणसासमोर पुरवठ्याची झडप बरीचशी बंद करा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या. स्थिर दाब पहिल्याइतकाच दिसेल. पाणी वाहत नसताना अडथळ्यातून दाब घटत नाही, त्यामुळे अर्धवट बंद झडप स्थिर दाबाच्या आकड्यावरून कळतच नाही. ड्रेन उघडताच काटा कोसळतो. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तपासनीस पुढे कधी फक्त स्थिर दाब लिहून सही करणार नाही, असं मला मनापासून वाटतं. वाहता दाब मागच्या चाचणीपेक्षा १० टक्क्यांनी घटला की कारण शोधायचं, हा नियमही याच वेळी सांगा. प्रात्यक्षिक संपल्यावर झडप पूर्ण उघडून तिसऱ्यांदा चाचणी घ्या आणि आकडे पहिल्याशी जुळवा.

दाब आणि प्रवाहाचं गणित फळ्यावर दहा मिनिटांत उरकेल. मेट्रिक के-८० (के म्हणजे स्प्रिंकलरच्या तोंडाचा प्रवाह-गुणांक) स्प्रिंकलरमधून ०.५ बारला मिनिटाला सुमारे ५७ लिटर पाणी येतं, तर २ बारला सुमारे ११३. दाब चौपट केला तर प्रवाह दुप्पट होतो, एवढं वहीत उतरलं की पुरे.

दुपारी एक खरी घटना चर्चेला ठेवा. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर आग लागली. स्टँडपाइपच्या (अग्निशमनाची नळी जोडायच्या उभ्या पाइपच्या) तोंडांवरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे लावलेले होते, त्यामुळे नळीला पुरेसा दाब मिळेना. तीन अग्निशामक जवान गेले. आग थांबली ती ३० व्या मजल्यावर, तिथे बसवलेल्या स्प्रिंकलरपैकी १० उघडले तेव्हा. प्रत्येक जोडीला विचारा: हा व्हॉल्व्ह मंजुरीच्या वेळी कोण तपासणार, नंतर कोण, आणि नोंद कुठल्या कागदावर होणार? उत्तरं लेखीच घ्या. जिथे दोघंही दुसऱ्याचं नाव लिहितील तिथे चर्चा थांबवून वेळ द्या. पुढचं सत्र मागे पडलं तरी चालेल.

सुरक्षेची तयारी आदल्या दिवशी पूर्ण हवी. अलार्म पाहणाऱ्या केंद्राला आणि अग्निशमन दलाला चाचणीची सुरुवात-अखेर कळवा, इमारतीतल्या लोकांना सूचना लावा. झडप बंद असेल तेवढा वेळ तिच्यावर ठळक फलक आणि शेजारी एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. यंत्रणा २४ तासांत १० तासांपेक्षा जास्त बंद राहण्याची शक्यता निर्माण झाली तर पहारा, पर्यायी पाणी किंवा जागा रिकामी करणं, यांपैकी काय करायचं ते आधीच ठरलेलं असावं.

जेवण, ओळखपत्रं, छायाप्रती ही कामं दुसऱ्या कोणाकडे सोपवा. तुम्ही मतभेदांची वही सांभाळा. दिवसभरात जोड्यांचं जिथे एकमत झालं नाही ते मुद्दे त्यात उतरवा, प्रत्येकासमोर उत्तर देणाऱ्याचं पद आणि तारीख लिहा, आणि लोक निघण्याआधी त्या पानाची प्रत सर्वांच्या हाती द्या.